खुले पत्र : तोरणमाळचे नैनीताल करण्याआधी

प्रति,
तोरणमाळच्या पर्यटन विकासाचे निर्णय ज्यांच्या हाती आहेत, ते सर्व अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि सल्लागार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शहाद्याचा राहणारा. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून उभी नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. तलाव, बंधारे, सांडवे आणि मोजपट्ट्या यांच्याशी आयुष्यभर संबंध आल्यामुळे कोणतेही पाणी नुसते डोळ्यांनी पाहून माझे समाधान होत नाही. ते येते कोठून, जाते कोठे आणि मधल्या काळात त्याचे काय होते, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. घरच्यांना या सवयीचा त्रास होतो, याची मला कल्पना आहे.

आपल्या भागात गेली काही वर्षे एक वाक्य वारंवार कानांवर येते. कोणी सभेत म्हणतो, कोणी लग्नाच्या पंगतीत म्हणतो, की जरा पैसा ओतला तर तोरणमाळचे नैनीताल करता येईल. कधी नैनीतालच्या जागी महाबळेश्वर असते, पण तलावामुळे लोकांच्या तोंडी नैनीतालच अधिक येते. तुलना सुचण्यासारखीच आहे. मे महिन्यात शहाद्यात पारा ४४ अंशांवर असताना पन्नासेक किलोमीटरवर, सातपुड्याच्या सुमारे १,१५० मीटर उंचीच्या माथ्यावर यशवंत तलावाचे पाणी वाऱ्याने हलत असते, आणि रात्री अंगावर पांघरूण घ्यावे लागते. मी स्वतः हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र मी पत्नीसह आणि शेजारच्या एका जोडप्यासह नैनीतालला सहा दिवस राहून आलो, आणि तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही. ते का, हे आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र.

प्रथम हे सांगितले पाहिजे की नैनीताल अतिशय सुंदर आहे, आणि तेथे जाऊन नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. दोंडाईचाहून भुसावळ, भुसावळहून दिल्ली आणि दिल्लीहून रात्रीच्या रानीखेत एक्स्प्रेसने पहाटे काठगोदाम, असा आमचा प्रवास झाला. काठगोदामला रेल्वे संपते आणि डोंगर सुरू होतो. तेथून नैनीताल पस्तीस किलोमीटर आहे, पण हंगामात हे अंतर किलोमीटरांत मोजण्यात अर्थ नसतो. शहराच्या अलीकडे रूसी बायपासजवळ आमची भाड्याची गाडी थांबवण्यात आली, कारण वर गाड्या उभ्या करायला जागा उरली नव्हती. तेथे दोन तास उन्हात काढल्यावर सामानासह शटलच्या गाडीत बसून आम्ही तल्लीतालला उतरलो. उतरल्यावर समोर तलाव दिसला आणि चौघांपैकी कोणीही काही वेळ बोलले नाही. चारी बाजूंनी बांज (ओक) आणि देवदारांचे उतार सरळ पाण्यात उतरलेले, मधोमध गर्द हिरवे पाणी, त्यावर रंगीत होड्या आणि पलीकडच्या टोकाला नैना पीकच्या पायथ्याशी मल्लीतालची वस्ती. तलावाची लांबी दीड किलोमीटरही भरत नाही, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आत आणि खोली जास्तीत जास्त २७ मीटरच्या आसपास. आपल्याकडचा एखादा मध्यम प्रकल्प याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण १,९४० मीटरच्या उंचीवर, डोंगरांच्या ओंजळीत ठेवलेले पाणी पाहताना आकडे आठवत नाहीत.

तलावाच्या एका काठाने मॉल रोड जातो आणि दुसऱ्या काठाने ठंडी सडक. मॉल रोडवर काय असते हे कोणालाही सांगता येईल: हॉटेले, स्वेटर, मेणबत्त्या, मक्याची कणसे आणि माणसेच माणसे. ठंडी सडकेवर मोटारी नाहीत. तेथे पाषाण देवीचे लहानसे देऊळ आहे, झाडांची सावली आहे आणि पाण्याचा आवाज ऐकू येतो. एकाच तलावाचे हे दोन काठ आमच्या सहा दिवसांत मी दररोज पाहिले, आणि सहाही दिवस संध्याकाळी आमची पावले आपोआप ठंडी सडकेकडे वळली. गर्दीतल्या कोणत्याही माणसाला थांबवून विचारले असते तरी तो हेच म्हणाला असता की आम्ही शांततेसाठी येथे आलो आहोत, आणि तरीही गर्दी मात्र मॉल रोडवर होती. याचा दोष मी त्या माणसांना देत नाही. खोल्या, दुकाने आणि वाहनतळ ज्या काठाला, माणसे त्या काठाला.

आमची खोली मल्लीतालच्या वरच्या अंगाला होती. खोलीत आरशाशेजारी एक छापील कागद चिकटवलेला होता: पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास येईल, बादली भरून ठेवावी. मी पहिल्याच दिवशी प्रवासाचा शीण काढण्यासाठी गरम पाण्याच्या शॉवरखाली भरपूर वेळ उभा राहिलो आणि अंग पुसताना तो कागद वाचला. खिडकीतून खाली तलाव दिसत होता. पुढे चौकशी केल्यावर कळले की या शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः त्या तलावाच्या काठच्या विहिरींतून उपसले जाते. म्हणजे मी दहा मिनिटांत जे सांडले होते, ते ज्या दृश्यासाठी मी हजार मैलांवरून आलो होतो, त्याच दृश्यातून उचललेले होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही होडी केली. वल्हवणारा मनुष्य पन्नाशीचा होता आणि त्याने सांगितल्याप्रमाणे त्याचे वडीलही याच तलावावर होडी चालवत. मी त्याला मधोमध न नेता काठाकाठाने ने असे सांगितले, तेव्हा तो जरा चकित झाला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. मॉल रोडच्या बाजूला एका नाल्याचे तोंड होते. दगडी बांधणीचा, हाताने घडवलेल्या चिऱ्यांचा जुना सुबक नाला आणि त्याच्या तोंडावर लोखंडी जाळी. जाळीला वेफर्सची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, एक लहान मुलाची चप्पल आणि पानांचा चिखल अडकला होता. जाळीतून गळून येणारे पाणी चहासारखे तपकिरी होते, आणि ते तलावाच्या हिरव्या पाण्यात पंख्यासारखे पसरत होते. पंख्याची कड इतकी स्पष्ट होती की होडीचे एक वल्हे हिरव्यात आणि एक तपकिरीत पडत होते. होडीवाला म्हणाला की पाऊस वाढला की हा पंखाही वाढत जातो. मी वाकून पाहत होतो, तेव्हा आमची सौ. अहिराणीत म्हणाली, "आठे ईसन बी तुमले गटारच दिखस का?" सगळे हसले आणि मीही हसलो, पण मला दिसत होते ते खरे गटार नव्हते, आणि मूळच्या बांधणीत ते गटार व्हावे असा कोणाचा हेतूही नव्हता.

त्या नाल्यांची कथा आपण सर्वांनी समजून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. १८८० सालच्या सप्टेंबरात नैनीतालवर सलग दोन दिवस मुसळधार पाऊस कोसळला. १८ सप्टेंबरला सकाळी शेर का डांडा या डोंगराचा एक भाग सुटून एका हॉटेलच्या इमारतीवर आला. ढिगाऱ्याखालच्यांना काढण्यासाठी शिपाई, अधिकारी आणि मजूर जमले, आणि दुपारी त्यांच्यासकट सगळ्यावर डोंगराचा दुसरा, कितीतरी मोठा भाग कोसळला. १५१ माणसे गेली. नैनादेवीचे देऊळ तलावाकाठी ढकलले जाऊन नष्ट झाले, ते पुढे पुन्हा बांधावे लागले. आज मल्लीतालला 'फ्लॅट्स' नावाचे जे मोठे मैदान आहे, जेथे मुले क्रिकेट खेळतात आणि एका भागात मोटारी उभ्या राहतात, त्याला सध्याचा विस्तार त्या दरडीच्या मलब्यातून मिळाला. मी त्या मैदानाच्या कडेला बसून भुट्टा खात होतो, तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. नंतर कळल्यावर मी पुन्हा तेथे गेलो आणि बराच वेळ डोंगराकडे पाहत राहिलो.

त्या दुर्घटनेनंतर डोंगर का घसरला याचा बारकाईने विचार झाला, आणि पावसाचे पाणी डोंगराच्या पोटात मुरून माती सुटू नये म्हणून उतारांवर दगडी नाल्यांचे जाळे बांधण्यात आले. लहान-मोठे धरून हे नाले साठाहून अधिक आहेत. पाणी पटकन उचलायचे, सुरक्षित वाटेने खाली आणायचे आणि तलावात सोडायचे, इतके साधे त्यांचे काम. अभियंता म्हणून मला त्या बांधणीपुढे हात जोडावेसे वाटले. परंतु पुढच्या शतकात उतारांवर घरे आणि हॉटेले चढत गेली, नाल्यांच्या अंगावर बांधकामे आली, आणि ज्या वाटेने केवळ पावसाचे पाणी यायचे त्या वाटेने सांडपाणी, रेती आणि कचरा येऊ लागला. नाल्याने आपले काम सोडलेले नाही. त्याच्यात जे पडेल ते तो आजही इमानाने तलावापर्यंत पोहोचवतो.

तलावात पोहोचलेल्या या घाणीचे पुढे काय होते, हे वरून दिसत नाही. उन्हाळ्यात खोल तलावाचे वरचे पाणी तापते आणि खालचे थंडच राहते, त्यामुळे दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. सांडपाण्यातल्या खतावर शेवाळ वाढते, मरते, तळाशी जाऊन कुजते आणि तळच्या पाण्यातला प्राणवायू संपवते. नैनीतालमध्ये मासे मरू लागले, तेव्हा २००७ पासून तळाशी नळ्या टाकून यंत्राने हवा सोडण्याची व्यवस्था करावी लागली. होडीतून जाताना पाण्यावर येणारे बुडबुडे मी पाहिले. शेजारच्या होडीतल्या मुलांना ते फार आवडले. मला ते दवाखान्यात नाकाला लावलेल्या नळीसारखे वाटले, पण मुलांना तसे सांगण्याचे कारण नव्हते.

आता पाणी येते कोठून त्याकडे वळतो, कारण तोरणमाळशी याचा सर्वांत जवळचा संबंध आहे. नैनीतालच्या वरच्या अंगाला, तलावापासून थोड्या अंतरावर सुखाताल नावाची एक खोलगट जागा आहे. नावाप्रमाणेच ती वर्षातील बराच काळ कोरडी असते. पावसाळ्यात ती भरते आणि ते पाणी जमिनीखालून झिरपत झिरपत खालच्या मोठ्या तलावाला मिळत राहते. नैनी तलावाला जमिनीखालून मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा या एका कोरड्या दिसणाऱ्या जागेचा आहे. पण कोरडी जमीन मोकळी दिसते, आणि मोकळी जमीन वस्तीच्या शहरात मोकळी राहत नाही. तेथे बांधकामांचा राडारोडा पडला, कडेने घरे आली, गाड्या उभ्या राहू लागल्या. शेवटी सुशोभीकरणाच्या नावाखाली तेथे काम सुरू झाले, तेव्हा २०२२ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. वरची जागा बुजली तर खालचा तलाव आटतो, हे सिद्ध करायला कोणत्याही मोठ्या अभ्यासाची गरज पडू नये. तरी २०१६ आणि २०१७ च्या उन्हाळ्यांत नैनी तलावाची पातळी मोजपट्टीवरच्या शून्याच्याही खाली गेली, काठाला मातीचे पांढरे पट्टे उघडे पडले आणि ज्या ठिकाणी होड्या चालत तेथे लोक पायी फिरले, तेव्हा कुठे सर्वांना ते पटले. त्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये खालच्या मॉल रोडचा एक तुकडा थेट तलावात खचला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये अतिवृष्टीने तलाव काठ ओलांडून रस्त्यावर आला. एकाच तलावाने पाच वर्षांच्या आत आटूनही दाखवले आणि ओसंडूनही दाखवले.

येथे आपण म्हणाल की कायदे नव्हते काय. होते. नैनीतालचे इतिहासकार अजय रावत यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांडपाणी तलावात जाऊ न देण्याचे, बहुमजली बांधकामे रोखण्याचे आणि मॉल रोडवरून जड वाहने न नेण्याचे आदेश दिले होते. हे आदेश निघाले तोवर शहर बांधून झालेले होते. बांधून झालेल्या गोष्टीवर निर्बंध घालणे हे भरलेल्या धरणात पाया खणण्यासारखे आहे. तोरणमाळ आजही रिकामे आहे, हे त्याचे मागासलेपण आहे असे आपण समजत आलो. सहा दिवस नैनीतालला राहून आल्यावर मला ते आपले एकमेव भांडवल वाटू लागले आहे.

मी अतिशयोक्ती करू इच्छित नाही. नैनीतालचा डोंगर चुनखडी आणि पाटीच्या दगडाचा, भूकंपप्रवण हिमालयातला, भेगाळलेला आहे. आपला सातपुडा काळ्या बेसाल्टचा आहे आणि तोरणमाळचे पठार बऱ्यापैकी सपाट आहे. तोरणमाळला चढणाऱ्या सात पायरी घाटात दरडी येतात, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, पण १८८० सारखे काही तोरणमाळच्या माथ्यावर घडेल अशी भीती मी घालणार नाही. तोरणमाळचा धोका वेगळा आहे, आणि तो याच खडकामुळे आहे. तेथे मातीचा थर पातळ आणि खाली लगेच कातळ आहे. प्रत्येक हॉटेलच्या नकाशात सेप्टिक टँक आणि शोषखड्डा दाखवलेला असतो आणि नकाशा मंजूर होतो. पण कातळ काही शोषत नाही. शोषखड्डा भरतो, आणि पाणी मातीच्या त्या पातळ थरातून, कातळाच्या पाठीवरून घसरत उताराने जाते. यशवंत तलावाच्या भोवतालच्या जमिनीचा उतार कोणत्या दिशेला आहे, हे सांगायला अभियंता लागत नाही.

दुसरी गोष्ट हिशोबाची. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेले आहे. हॉटेलच्या एका खाटेमागे सर्वसाधारण मानकाप्रमाणे १८० लिटर धरावे लागतात. शंभर खाटांचे एकच हॉटेल भरलेले असेल तर दिवसाला १८,००० लिटर, म्हणजे सव्वातीनशे माणसांच्या वाट्याचे पाणी ते एकटे वापरील, आणि हा वापर नेमका एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक असेल, जेव्हा भोवतालच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन झऱ्याच्या खोबणीत पाणी साठण्याची वाट पाहत बसलेल्या असतात. तेथे झऱ्याकाठी वाटीने पाणी भरणारी मुलगी मी नोकरीत असताना पाहिली आहे. एक हंडा भरायला तिला किती वेळ लागला, ते मी घड्याळ लावून मोजले नाही. मोजायला हवे होते असे आता वाटते.

म्हणून माझे मागणे असे आहे की खोल्या किती बांधायच्या हे ठरवण्याआधी पाणी किती आहे हे ठरवावे. यशवंत तलावाला कोणालाही वाचता येईल अशी मोजपट्टी लावावी. मी गेलो तेव्हा मला काठावर तशी पट्टी आढळली नाही. पावसाळ्याच्या अखेरीस किती पातळी, होळीला किती, जूनच्या पहिल्या पावसाआधी किती, हे निदान तीन वर्षे नोंदवावे आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. नैनीतालला उन्हाळ्यात तलावाची पातळी वर्तमानपत्रात छापून येते, आणि पानाच्या ठेल्यावरचा मनुष्यही ती सांगतो. आपल्याकडे ती अजून कोणाच्या तोंडी नाही. तीन वर्षांच्या नोंदीतून पाड्यांचे, गुरांचे आणि बाष्पीभवनाचे पाणी वजा जाता जे उरेल, तेवढ्याच खाटांना परवानगी द्यावी. आकडा लहान निघेल. निघू द्यावा.

तलावाच्या पाणलोटात, म्हणजे ज्या जमिनीवर पडलेला पाऊस तलावात येतो त्या जमिनीवर, नवे पक्के बांधकाम नको. त्यात कमळ तलाव आणि पावसाळ्यापुरत्या भरणाऱ्या सर्व खोलगट जागा मोजून, त्यांना नावे देऊन, सात-बाऱ्यावर चढवाव्यात, कारण नाव नसलेली जागा सुखातालच्या वाटेने जायला वेळ लागत नाही. तलावाला वळसा घालणाऱ्या डांबरी रस्त्याची कल्पना मी एक-दोनदा ऐकली आहे. ती सुचते कशी, ते मला समजते, कारण काठावरून गाडी चालवत पाणी पाहायला कोणालाही आवडेल. पण कृपा करून तसा रस्ता होऊ नये. पायवाट असावी, सावलीची असावी आणि तीच असावी. आपल्या तलावाला एक ठंडी सडक मिळते आहे ती मॉल रोड आल्यावर मिळणार नाही.

वाहनांचे म्हणाल तर माथेरानचे उदाहरण राज्यातच आहे. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि तरीही माथेरान ओस पडलेले नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. त्यांना हे संरक्षण गर्दी झाल्यावर मिळाले. पावसाळ्यातले रविवार आणि महाशिवरात्रीची गोरक्षनाथाची यात्रा या दिवसांत तरी खासगी गाड्या राणीपूरला, घाटाच्या पायथ्याशी थांबवून वर एसटीच्या लहान गाड्या सोडता येतील. नैनीतालला हे आज नाइलाजाने करावे लागते, आम्ही रूसी बायपासला दोन तास उन्हात उभे होतो ते त्याचमुळे. आपल्याला ते आधीच, सावलीची शेड आणि प्यायच्या पाण्याची सोय करून, ठरवून करता येईल. राणीपूर-म्हसावदच्या दुकानदारांचाही त्यात फायदा आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला तेथल्या एका कथेमुळे सुचली. नैनीतालचा गोऱ्या लोकांशी संबंध १८४१ पासून सांगतात, जेव्हा शहाजहानपूरचा पी. बॅरन नावाचा साखरेचा व्यापारी तेथे पोहोचला. तलाव आणि भोवतालचे डोंगर तेव्हा नरसिंह नावाच्या स्थानिक मुखियाच्या हक्कात होते, आणि तो ते सोडायला तयार नव्हता. बॅरनने त्याला होडीत बसवून तलावाच्या मधोमध नेले आणि तेथे, पोहता न येणाऱ्या त्या माणसाला बुडवण्याची भीती घालून, कागदावर सही करायला लावले, असे सांगितले जाते. होडीवाल्याने ही कथा हसत सांगितली, जणू फार जुनी गंमत आहे. मी पाण्याच्या मध्यभागी, काठापासून बऱ्याच अंतरावर होतो आणि मलाही पोहता येत नाही, त्यामुळे नरसिंहाची अवस्था मला चांगली समजली.

तोरणमाळ हे पावरा आणि भिल्ल बांधवांचे आहे. ते ज्यात आहे तो अक्राणी तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा तेथे लागू आहे, आणि जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. माझी विनंती इतकीच की ग्रामसभा मराठीतल्या छापील ठरावावर अंगठे घेण्यापुरती होऊ नये. ती पावरीत आणि भिलीत व्हावी, आराखड्याचा नकाशा जमिनीवर काठीने रेखून दाखवावा, कोणाच्या शेतातून काय जाणार ते बोट ठेवून सांगावे, आणि उत्तर नकार असेल तर नकार लिहून घ्यावा. राहण्याच्या सोयी मुख्यतः पाड्यांवरच्या घरांतूनच का होऊ नयेत, हेही तेथेच विचारावे. ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, धडगावचा आमचूर, हंगामात सीताफळ आणि चारोळी, हे सर्व आहे. नैनीतालला मी सहा दिवसांत पंजाबी, चिनी आणि तिबेटी जेवण जेवलो, कुमाऊंनी जेवण एकदाही मिळाले नाही, आणि मी शोधले नाही असे नाही.

माझ्या बरोबरच्या शेजाऱ्यांनी परतीच्या गाडीत मला विचारले की इतके सगळे पाहून तुम्ही नैनीतालला पुन्हा जाल का. मी जाईन. पहाटे साडेपाचला ठंडी सडकेवर धुके पाण्यावरून उचलले जाते आणि पाषाण देवीची घंटा वाजते, ते पुन्हा पाहायला मी नक्की जाईन, आणि बादली भरून ठेवीन.

मोजपट्टीबाबत एक शेवटची विनंती. तलावाच्या बांधाजवळ, जेथे पाणी उन्हाळ्यातही सर्वांत खोल राहते तेथे ती लावावी, काठावरच्या गाळात लावू नये, नाहीतर मार्चनंतर ती कोरडीच उभी राहील. जागा दाखवायला आणि पातळी काढून शून्य निश्चित करायला मी स्वखर्चाने येईन. पातळी काढण्याचे ऑटो लेव्हल हे उपकरण माझ्याकडे नाही, ते खात्याकडून मिळावे. पट्टीचे आकडे मात्र देवनागरीत रंगवून घ्यावेत, म्हणजे तेथल्या आश्रमशाळेतल्या मुलांना दर सोमवारी ते वाचून वहीत लिहिता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता
शहादा, जि. नंदुरबार